तोरणमाळला मुक्कामाला निघताय? आधी तासांचा हिशेब करा

वाचकहो, थंडी पडू लागली की माझ्या दवाखान्यात दोन प्रकारच्या लोकांची गर्दी वाढते. एक सर्दी-खोकल्याचे रुग्ण आणि दुसरे सहलीला निघालेले. रुग्णांना बरे व्हायचे असते. सहलीला निघालेल्यांना फक्त ‘प्रवासाच्या गोळ्या’ हव्या असतात. उलटीच्या चार, जुलाबाच्या चार, तापाच्या सहा, झालेच तर डोकेदुखीच्या दोन. एवढी पुडी खिशात टाकली की आरोग्याची तयारी संपली, असा अनेकांचा समज असतो. हा समज किती अपुरा आहे, ते आजच्या लेखात पाहू.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या सोनगीरला तांब्या-पितळेच्या भांड्यांचा व्यवसाय करणारे एक कुटुंब माझ्या शेजारी राहते. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला. नाताळच्या सुट्टीत तो बायको-मुलांसह गावी आला तो एक भलीमोठी गाडी भाड्याने घेऊनच. आत झोपायला बाके, छोटा गॅस, पाण्याची टाकी, हात धुण्याचे भांडे, एवढेच काय, संडाससुद्धा! गल्लीतली पोरे दिवसभर त्या गाडीभोवती गोळा. शहरात हिला कॅरव्हॅन म्हणतात. आपल्या राज्य सरकारने २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी धोरणही जाहीर केले आहे. बेत असा होता की, ही चालती-फिरती खोली घेऊन सातपुड्यात जायचे आणि जंगलात पाच रात्री काढायच्या.

संध्याकाळी मुलगा दवाखान्यात आला. म्हणाला, “डॉक्टरसाहेब, परवा निघतोय. तेवढ्या प्रवासाच्या गोळ्या द्या.”

मी विचारले, “सोबत कोण कोण?”

“आम्ही दोघे, दोन मुलं, मेव्हणा. आईला मात्र इथंच ठेवतोय. तिची साखर, तिचं इंजेक्शन... जंगलात कशाला जोखीम?”

त्याच्या मागोमाग त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, दाराशी येऊन उभ्या होत्या. वय बहात्तर. बारा वर्षांपासून मधुमेह, त्यातली शेवटची चार वर्षे इन्सुलिन. शिवाय रक्तदाब, आणि गुडघे कुरकुरणारे. त्या म्हणाल्या, “भाऊ, माले बी येनं शे.” लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्या महाशिवरात्रीला सासूबरोबर तोरणमाळच्या यात्रेला गेल्या होत्या. गोरखनाथाचे मंदिर आणि तो तलाव पुन्हा एकदा डोळे भरून पाहावा, एवढीच त्यांची इच्छा. मुलगा माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागला की, मी ‘नको’ म्हणावे.

मी लगेच काहीच बोललो नाही. कारण तोरणमाळ म्हटले की मला १९९४ सालचा डिसेंबर आठवतो. ती हकिगत आधी सांगतो. मी ती फारशी कुणाला सांगत नाही, कारण त्यात माझीच लाज आहे.

एका घमेल्याची गोष्ट

त्या वेळी मी नुकताच दवाखाना थाटला होता. नंदुरबार जिल्हा अजून वेगळा झाला नव्हता (तो १ जुलै १९९८ रोजी झाला), त्यामुळे तोरणमाळ आपल्याच धुळे जिल्ह्यात होते. आम्ही सात मित्र एक जुनी मॅटॅडोर घेऊन निघालो. मुक्कामाची चौकशी कुणीच केली नव्हती. वर पोहोचलो तो खोल्या भरलेल्या. ठरले की गाडीतच झोपू.

खानदेशी माणसे आम्ही, रात्री भरीत झालेच पाहिजे. गावाहून कपाशीच्या काड्या बांधून आणल्या होत्या. त्यांच्या जाळावर वांगी भाजली, आणि शेकोटीसाठी चार लाकडेही पेटवली. कळण्याची भाकरी आणि भरीत पोटभर खाल्ले. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबरात तिथली रात्र अंगात शिरते. कुणीतरी युक्ती काढली. शेकोटीतले लाल निखारे घमेल्यात भरले, घमेले गाडीत दोन बाकांच्या मध्ये ठेवले, काचा आणि दार घट्ट लावले. काय ऊब होती! पाच मिनिटांत सगळे घोरू लागले.

पहाटे तीनच्या सुमारास एक मित्र लघवीसाठी उठला. दार उघडून उतरताना पायरीवरच कोसळला. त्या आवाजाने मला जाग आली. डोके ठणकत होते, पाय शिशासारखे जड झाले होते, मळमळत होते. शेजारचा मित्र ओकत होता. कुणीतरी पुटपुटले, “वांगं बाधलं.” मलाही तेच वाटले. मी चाचपडत पिशवीतून उलटीची गोळी काढून त्याला दिली आणि, वाचकहो, थंडी वाजते म्हणून दार पुन्हा ओढून घेतले! एका डॉक्टरने!

आम्ही वाचलो ते त्या बाहेर पडलेल्या मित्रामुळे. दहा-पंधरा मिनिटांनी तो स्वतःच्या पायांनी परत आला आणि म्हणाला, “मला आता बरं वाटतंय, बाहेर या रे.” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भरीत सगळ्यांनीच खाल्ले होते. मग बाहेर गेलेला सुधारतो आणि आत असलेले बिघडत जातात, याचा अर्थ काय? दोष वांग्यात नव्हता, हवेत होता. घमेले लाथेने बाहेर ढकलले, एकेकाला ओढून काढले. दोघे बेशुद्ध होते. तशाच अवस्थेत, दारे-खिडक्या उघड्या ठेवून, तो घाट अंधारात उतरून शहादा गाठले. तिथे प्राणवायू मिळाला. एक मित्र दुपारपर्यंत कुणाला ओळखत नव्हता. सगळे वाचले. पण शहाद्यापर्यंतचे ते दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही.

निखारे विझत आले, धूर दिसेनासा झाला, तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवते. म्हणजे श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू पोहोचत नाही. आधी डोकेदुखी, चक्कर, मळमळ, मग गुंगी. झोपेत असलेल्याला तर काहीच कळत नाही. म्हणून एक खूण लक्षात ठेवा : बंद जागेतल्या सगळ्यांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि मोकळ्या हवेत बरे वाटू लागले, तर पोटाचा दोष शोधत बसू नका. सगळ्यांना तत्काळ बाहेर काढा आणि दवाखाना गाठा.

ही चूक आजही होऊ शकते. गाडी चकाकती झाली, पण नियम तेच आहेत. शेगडी किंवा घमेले गाडीत किंवा तंबूत नेऊ नये. गाडी उभी करून इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपू नये. आतल्या गॅसवर स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवावी, आणि गॅसचा उपयोग ऊब मिळवण्यासाठी कधीच करू नये. झोपण्यापूर्वी सिलिंडरचा कॉक बंद करावा. जनित्र असेल तर ते गाडीपासून लांब ठेवावे. या वायूची सूचना देणारे बॅटरीवरचे छोटे यंत्र आता बाजारात मिळते, ते जरूर लावावे. थंडीसाठी गोधडी, स्वेटर, कानटोपी आहेतच.

कागदाचे दोन रकाने

ही हकिगत सांगून झाल्यावर मी त्या मुलाला बसवून घेतले. कोरा कागद काढला, मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिले, ‘काय होऊ शकते’. उजवीकडे, ‘उपचार मिळेपर्यंत किती तास’.

गावात आपल्याला हा हिशेब करावा लागत नाही. सोनगीरहून धुळे जेमतेम वीस किलोमीटर. महामार्ग दारातून जातो. अर्ध्या तासात मोठे रुग्णालय. त्यामुळे अडचण आली तर पाहू, हे आपल्याला परवडते. जंगलात ते परवडत नाही. सोनगीरहून दोंडाईचा, मग सारंगखेड्याला तापी ओलांडून शहादा आणि तिथून सातपुड्याचा घाट. सगळे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. त्यातला शहाद्यापासूनचा शेवटचा टप्पा पन्नासेक किलोमीटरचा. डोंगरातले किलोमीटर मात्र सपाटीसारखे मोजायचे नसतात. रात्री, वळणाच्या रस्त्याने, रुग्णाला सांभाळत उतरायला आम्ही दोन तास धरले. त्याच्या मूळ बेतानुसार गाडी तोरणमाळच्याही पुढे, सीताखाईच्या अंगाला, एकाकी जागी उभी राहणार होती. त्यासाठी आणखी अर्धा तास. म्हणजे अडीच तास.

आता प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा. हे अडीच तास निभावतील का? निभावणार नसतील तर दोनच मार्ग आहेत. एक तर ती गोष्ट होऊ नये याची व्यवस्था करा, किंवा मुक्काम दवाखान्याच्या जवळ आणा. प्रवासाच्या गोळ्या त्यानंतर.

या एका कागदाने बेत कसा बदलला पाहा. पाच रात्रींच्या दोन झाल्या. एकाकी जागेऐवजी तोरणमाळ गावातच, वस्तीच्या आणि पर्यटक निवासाच्या आसपास परवानगी घेऊन गाडी उभी करायचे ठरले. घाट फक्त उजेडात चढायचा आणि उजेडातच उतरायचा. मुलांना आधी यावल अभयारण्यात पाल भागात किंवा शिरपूर तालुक्यातल्या अनेर अभयारण्यात मुक्काम करायचा होता. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय वाटेल तिथे गाडी लावून रात्र काढता येत नाही. हा नियम प्राण्यांसाठी आहे तसा आपल्या जिवासाठीही आहे, हे मुलांना पटवून दिले.

निघण्यापूर्वी तीन फोन करायला सांगितले. एक मुक्कामाच्या ठिकाणी : पाणी कसले, रस्ता कसा, मोबाइलला रेंज कुठे मिळते? दुसरा तिथल्या सर्वांत जवळच्या सरकारी दवाखान्यात : रात्री डॉक्टर असतात का, सर्पदंशाची लस उपलब्ध आहे का? तिसरा घरी राहणाऱ्या नातेवाइकाला : आम्ही कुठे आहोत, रोज किती वाजता फोन करू आणि फोन आला नाही तर तू काय करायचे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. तिचा मोठा आधार असतो. पण डोंगरात रेंज नसेल तर तो क्रमांक लावणार कुठून? म्हणून रेंजची जागा दिवसाच शोधून ठेवावी. रात्री एक गाडी आणि एक जागा राहू शकणारा चालक सज्ज असावा. चालकाने मद्य घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

साप आणि विंचू

कागदावर सर्वांत वरची ओळ होती सर्पदंशाची. आपल्याकडे जिवावर बेतणारे साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. थंडीत साप कमी दिसतात, पण दिसत नाहीत म्हणजे नसतात असे नव्हे. यांतला मण्यार फसवा. तो रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूण दिसेलच असे नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटतात, बोलता येईनासे होते, मग श्वास अडखळतो. म्हणून जमिनीवर उघड्यावर झोपणे टाळावे. गाडीतले उंच बाक या दृष्टीने उत्तमच. मुलांना तंबूच हवा असेल तर शिवलेल्या तळाचा, चेन पूर्ण बंद होणारा घ्यावा. रात्री खाली पाय ठेवण्याआधी बॅटरीचा झोत टाकावा. सकाळी बूट झटकूनच घालावेत. लाकडे गोळा करताना ढिगात हात घालू नये.

साप चावलाच, तर चावलेल्या जागी चिरू नये, रक्त चोखू नये, दोरीने आवळू नये. चावलेला हात वा पाय फळीला बांधून हलू देऊ नये. रुग्णाला चालवू नये, धीर द्यावा आणि सरळ दवाखान्याकडे निघावे. सापाला मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नये. शरीरात भिनलेले विष उतरवते ती फक्त प्रतिविषाची लस. मांत्रिकाच्या ओट्यावर गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

दुसरी ओळ विंचवाची. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम सुटला, उलट्या होऊ लागल्या, हातपाय गार पडले, तर विष हृदयापर्यंत पोहोचले असे समजावे. लहान मुलांत हे फार वेगाने घडते. एके काळी असे कितीतरी रुग्ण दगावत. महाडचे डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि मृत्यूंचे प्रमाण पुष्कळच घटले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. खिशात गोळी ठेवून घरीच उपचार करण्याचा हा विषय नव्हे. इथेही हिशेब तासांचाच.

पाणी, पितळ आणि पोट

तिसरी ओळ पोटाची. जंगलातला झरा कितीही निर्मळ दिसला तरी त्यातले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. तोरणमाळच्या यशवंत तलावाचे पाणी पाहण्यासाठी आहे, तसेच पिण्यासाठी नव्हे. पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी रोज चार ते पाच लिटर पाणी धरावे. घरून न्यावे, संपले तर गाळून, खळखळून उकळून घ्यावे. गाडीच्या टाकीतले पाणी हात धुण्यापुरतेच वापरावे. टाकी शेवटची कधी धुतली, हे भाड्याच्या गाडीत कुणालाच ठाऊक नसते.

आता आमच्या गावच्या अभिमानाची गोष्ट. काकूंनी घरची तांब्याची कळशी आणि पितळी डबे बांधून ठेवले होते. तांब्याच्या कळशीत पाणी जरूर ठेवावे, पण ती उकळण्याची जागा घेऊ शकत नाही. आणि पितळेच्या किंवा तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक, लिंबाचे सरबत, चिंचेचे सार, लोणचे ठेवू नये. आंबट पदार्थात तांबे उतरते आणि मळमळ, उलट्या, पोटात कळा सुरू होतात. घरात असे झाले तर आपण दुसऱ्या दिवशी विसरून जातो. जंगलात मात्र सगळ्या घराची रात्र वाया जाते. काकू म्हणाल्या, “आमले काय शिकवता, भाऊ? तांबटनं घर शे.” मी गप्प बसलो. तरी दुसऱ्या दिवशी ताकासाठी स्टीलचा डबा निघालेला पाहिला.

शिदोरीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मुरमुरे, गूळ, केळी असावीत. सकाळची भाजी रात्री खाऊ नये. जुलाब झालेच तर सर्वांत महत्त्वाचे औषध म्हणजे क्षारसंजीवनी. तिची पाच-सहा पाकिटे ठेवावीत. पाकीट एक लिटर पाण्याचे असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावे आणि चोवीस तासांत संपवावे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मुलाची लघवी बंद झाली, डोळे खोल गेले, ते सुस्त पडले किंवा शौचातून रक्त आले, तर सहल तिथेच थांबवून खाली उतरावे.

घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढच्या बाजूला बसावे, लांबवर पाहावे, भरल्या पोटी किंवा अगदी उपाशी निघू नये. उलटीची गोळी घाट सुरू होण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावी. घाटात उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बाहेरच पडते. या गोळीने झोप येते, म्हणून चालकाने ती घेऊ नये.

काकूंची ओळ

शेवटची ओळ काकूंची. मुलाला वाटत होते तीच सर्वांत मोठी जोखीम. मी म्हणालो, “उलट आहे. साप कधी येईल सांगता येत नाही. आईची साखर मात्र आपल्याला बारा वर्षांपासून ठाऊक आहे. जे ठाऊक आहे, त्याची तयारी करता येते.” काकूंना जाण्याची परवानगी दिली, पण अटींवर. वाचकांच्या घरीही अशी वडीलधारी माणसे असतील, म्हणून त्या अटी इथे देतो.

निघण्याआधी साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. साखर फार वर-खाली होत असेल, छातीत दुखत असेल, नुकतेच आजारपण झाले असेल, तर बेत पुढे ढकलावा. रोजची औषधे मुक्कामाच्या दुप्पट दिवसांची घ्यावीत आणि दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावीत. एक हरवली तर दुसरी कामी येते. औषधांची चिठ्ठी सोबत ठेवावी. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली थंड जागी, उन्हापासून दूर ठेवली तर सुमारे चार आठवडे चालते. ती गाडीच्या काचेपाशी ठेवू नये. गाडीतल्या फ्रीजमध्ये ठेवली तर बर्फाला चिकटू देऊ नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. साखर मोजायचे यंत्र आणि त्याच्या पट्ट्या न्याव्यात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साखर एकदम उतरण्याची लक्षणे घरातल्या प्रत्येकाला, दहा वर्षांच्या नातवालाही माहीत हवीत. घाम, थरथर, धडधड, अचानक चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे. अशा वेळी शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काहीही देऊ नये, कुशीवर झोपवून दवाखाना गाठावा. सहलीत चालणे वाढते आणि जेवण लांबते. साखर उतरण्याचे तेच मुख्य कारण.

आणखी एक. आपल्या भागात, विशेषतः सातपुड्याच्या पट्ट्यात, सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. सहलीत असा कुणी असेल तर त्याला थंडी, कमी पाणी पिणे आणि दमछाक या तिन्हींपासून जपावे. त्यांनीच वेदनेचा झटका येतो.

मंडळी ठरल्या दिवशी निघाली. दोन रात्री राहून परत आली. दुसऱ्या संध्याकाळी तलावाकाठी काकू नेहमीपेक्षा जास्त चालल्या, भाकरीला उशीर झाला आणि त्या एकाएकी नातवावर ओरडू लागल्या. सून म्हणाली, “थंडी वाजत असेल.” नातू म्हणाला, “आजीला घाम आलाय. थंडीत घाम कसा?” त्याने धावत जाऊन साखरेची डबी आणली. यंत्राने साखर सत्तावन्न दाखवली. पंधरा मिनिटांनी काकू हसत बसल्या होत्या. मला हे सांगताना मुलाचा आवाज कापत होता. अंधार पडला होता, आणि घाटाखाली दोन तास दूर दवाखाना. पण त्या क्षणी लागणारा उपाय दहा पावलांवरच्या डबीत होता.

निरोप देताना मी त्यांना सांगितले, “पुढच्या महिन्याभरात कुणालाही थंडी वाजून ताप आला तर अंगावर काढू नका. सातपुड्यात मुक्काम होता हे डॉक्टरांना आधी सांगा आणि रक्त तपासून घ्या.” हिवताप डास चावल्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी, कधी कधी काही महिन्यांनीही डोके वर काढतो. मच्छरदाणी आणि अंगभर कपडे तर मुक्कामात हवेतच.

काकूंनी येताना माझ्यासाठी धडगावकडचा आमचूर आणला. पुडी हातात देऊन म्हणाल्या, “पितळना डबामा ठेवू नका बरं, भाऊ.”

वाचकहो, सातपुडा आपला आहे. तो जरूर पाहावा, म्हाताऱ्या माणसांनाही दाखवावा. फक्त निघण्याआधी एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा आणि तासांचा हिशेब करा. गोळ्यांच्या पुडीसाठी त्यानंतर डॉक्टरांकडे जा.